आभाळातून दिसलेले खंदक

फ्रान्सच्या उत्तरेला, बेल्जियमच्या हद्दीजवळच्या सपाट आणि पाणथळ मुलखात नव्ह-शापेल नावाचे एक लहानसे गाव आहे. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी या गावाच्या गल्ल्यांत खडकीची माणसे लढत होती. थर्ड सॅपर्स अँड मायनर्स, म्हणजे आजच्या बॉम्बे सॅपर्सच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्या. ही सफरमैना पलटण. पूल बांधणे, रस्ते करणे, खंदक खणणे, सुरुंग लावणे हे तिचे काम. पण त्या दिवशी माणसे कमी पडत होती, म्हणून ४७ व्या शीख पलटणीसोबत या दोन कंपन्यांनाही संगिनी लावून सरळ गावावर धाडले गेले. मराठे, शीख, मुसलमान असे सगळे त्यांत होते. घराघरांतून, परसापरसांतून झुंजत त्यांनी गाव घेतले. मागून कुमक आली नाही आणि काही तासांतच हातचे गाव सोडून परतावे लागले. सॅपर्सचे जवळजवळ सगळे ब्रिटिश अधिकारी त्या एका दिवसात पडले. कुणी ठार, कुणी जखमी.

गावापलीकडे जर्मनांनी काय रचून ठेवले आहे याची कुणालाच नीट कल्पना नव्हती. अधिकाऱ्यांजवळच्या नकाशांत गाव होते, रस्ते होते, चर्च होते. खंदक नव्हते, कारण नकाशे छापले तेव्हा तिथे खंदकच नव्हते. दोन-तीन महिन्यांत शत्रूने जमिनीवर एक नवाच मुलूख खणून काढला होता आणि तो कुठल्याही कागदावर उतरला नव्हता.

तो उतरवण्याचे काम कॅमेऱ्याने केले. जानेवारी १९१५ मध्ये ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोर या विमानदलाने छायाचित्रणाचा एक चिमुकला विभाग उभा केला. त्यात लेफ्टनंट मूर-ब्रॅबझन आणि सार्जंट व्हिक्टर लॉज यांच्यासारखी मोजकी माणसे होती. त्यांनी विमानासाठी खास कॅमेरा तयार करवून घेतला. लाकडी पेटी, आत काचेच्या प्लेटा. निरीक्षकाने विमानाबाहेर वाकायचे, कॅमेरा दोन्ही हातांनी धरायचा आणि गोठवणाऱ्या वाऱ्यात जाड हातमोजे घालून एकेक प्लेट बदलत राहायचे. खालून गोळ्या येत असायच्या. हवा वाईट होती, दिवस लहान होते, तरीही त्या हिवाळ्यात नव्ह-शापेलच्या आसपासचा सगळा जर्मन मोर्चा सुमारे चौदाशे मीटर खोलीपर्यंत काचेवर उतरला. त्यावरून १:८,००० प्रमाणाचे नकाशे काढले गेले आणि हल्ल्यात उतरणाऱ्या प्रत्येक कोरला त्यांच्या पंधराशे प्रती मिळाल्या. भारतीय कोर त्यांतली एक होती. पुढच्या वळणाआड काय आहे ते हल्ल्याआधीच कागदावर दिसावे, हे पश्चिम आघाडीवरच्या ब्रिटिश सैन्यात पहिल्यांदाच घडत होते.

१० मार्च १९१५ च्या सकाळी तोफांनी पस्तीस मिनिटे त्या नकाशावरच्या रेघांवर मारा केला. गाव पडले. मीरत डिव्हिजनच्या गढवाली आणि गुरखा पलटणी त्यात आघाडीवर होत्या. पण नकाशा बरोबर असला म्हणजे सगळे बरोबर होतेच असे नाही. गावाच्या उत्तरेकडच्या खंदकांवर मारा करायच्या तोफा उशिरा पोचल्या होत्या. त्या पट्ट्यातली काटेरी तार तशीच उभी राहिली आणि ब्रिटिश पलटणी तिच्यापुढे कापल्या गेल्या. दक्षिणेकडे गढवालींची पहिली बटालियन दिशा चुकून उजवीकडे सरकली आणि ज्या खंदकाला तोफांनी हातही लावला नव्हता त्याच्यावर जाऊन आदळली. तीन दिवसांत ब्रिटिशांची सात हजार आणि भारतीयांची बेचाळीसशे माणसे मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. पुढे सरकले ते दोन किलोमीटरही नाही.

तरीही त्या दिवसापासून कॅमेऱ्याशिवाय हल्ला आखणे संपले. आणि आज शंभर वर्षांनी त्या मुलखात कुठे काय पुरले गेले आहे हे शोधायला निघालेला संशोधकही त्याच काचा उजेडात धरतो. माणसे मारण्यासाठी जी नजर तयार झाली, तीच नजर मेलेल्यांना शोधायला उपयोगी पडते. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

ही नजर म्हणजे नेमके काय, ते थोडे सविस्तर सांगायला हवे. सरळ वरून काढलेल्या छायाचित्रात उंची दिसत नाही. दिसतात फक्त करडे, काळे, पांढरे डाग. म्हणून पहिली शिस्त सावलीची. छायाचित्र असे धरायचे की सावल्या पाहणाऱ्याच्या दिशेने पडाव्यात. उलटे धरले तर डोळा फसतो. खड्डा टेकाडासारखा दिसतो आणि मातीचा बांध चरासारखा. दुसरी शिस्त जोडचित्रांची. विमान पुढे जाताना एकाच जागेची दोन छायाचित्रे थोड्या अंतराने घ्यायची आणि दुहेरी भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवायची. मग जमीन एकदम उठून उभी राहते.

मग आकार वाचायचे. खंदक कधीच सरळ नसतो. सरळ चरात एक गोळा फुटला किंवा शत्रू टोकाशी येऊन उभा राहिला तर अख्खी रांग मारली जाईल, म्हणून दर काही मीटरवर खंदक काटकोनात वळवतात, मध्ये मातीचा जाड ठोकळा सोडतात आणि पुन्हा पूर्वीच्या रेषेत येतात. वरून ही रेघ किल्ल्याच्या तटावरच्या चऱ्यांसारखी दातेरी दिसते. पुढच्या फळीकडे रसद नेणारे जोडखंदक नागमोडी असतात. निसर्ग अशा रेघा काढत नाही आणि शेतकरीही काढत नाही. काटेरी तारेचा पट्टा धूसर करडा दिसतो, कारण त्या पट्ट्यात गवत कुणी कापत नाही. झाडीखाली दडवलेली तोफ दिसत नाही, पण तोंडातून निघणाऱ्या झोताने तिच्यापुढचे गवत पंख्याच्या आकारात होरपळते आणि जेवण घेऊन येणाऱ्या माणसांची पायवाट थेट तिच्यापाशी येऊन संपते. अनुभवी वाचक तोफ शोधत नसे, तो पायवाट शोधत असे. पुढे दोन्ही बाजूंना हे कळले, तेव्हा खोट्या पायवाटा तुडवून खोट्या तोफांपाशी नेऊन सोडण्यात आल्या.

या काचांवरून ब्रिटिशांनी जे खंदक-नकाशे छापले, त्यांत जर्मन खंदक लाल रंगात आणि स्वतःचे निळ्या रंगात असत. १९१८ मध्ये हे रंग उलटे केले गेले. पण बहुतेक नकाशांत निळ्या रेघा जवळजवळ नसतच. नकाशा शत्रूच्या हाती पडला तर आपलीच मांडणी त्याला कळेल, म्हणून स्वतःचे खंदक मोजक्या गुप्त प्रतींवरच दाखवले जात. याचा परिणाम आज आपल्याला भोगावा लागतो. विमानांचा डोळा शत्रूवर रोखलेला असल्यामुळे ब्रिटिश काचांवरही समोरचीच बाजू अधिक येते. खडकीच्या सॅपर्सनी आपल्या हातांनी खणलेले खंदक पाहायचे, तर बऱ्याचदा जर्मन वैमानिकाने काढलेली छायाचित्रे शोधावी लागतात. आपल्या माणसांच्या कामाची नोंद शत्रूच्या दप्तरात सापडते.

१९१५ च्या शेवटी भारतीय पायदळाच्या दोन्ही डिव्हिजन फ्रान्समधून हलवून मेसोपोटेमियात पाठवल्या गेल्या. तिथे आधीच पुण्याचे नाव गाजत होते. सहावी पूना डिव्हिजन जनरल टाउनशेंडच्या हुकमतीखाली बगदादच्या रोखाने गेली, मागे हटली आणि डिसेंबर १९१५ मध्ये कूत-अल-अमारा इथे वेढली गेली. १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री व ११७ वी मराठा या पलटणी त्या वेढ्यात होत्या. माणसे उपासमारीने खंगली. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली आणि पुढे कैदेतल्या पायपिटीत आणि छावण्यांत किती तरी जण मेले.

याच मेसोपोटेमियात, थोड्या वर्षांनी, युद्धाच्या नजरेने युद्धापलीकडचे काही पाहिले. रॉयल इंजिनिअर्सचे लेफ्टनंट कर्नल बीझली तैग्रिस नदीकाठी समाराच्या आसपास नकाशासाठी विमानातून पाहणी करत होते. जमिनीवरून तिथे फक्त मातीचे बुटके, अर्थहीन उंचवटे दिसत. वरून मात्र एका प्राचीन नगराचा आराखडा उलगडला. रस्ते, वाडे, कालवे नदीकाठाने मैलोन् मैल पसरले होते. जमिनीवर उभे राहून हे नकाशात उतरवणे जमलेच नसते असे बीझलींनी १९१९ साली लेख लिहून नोंदवले.

या विद्येला शास्त्राचे रूप ज्याने दिले, तो ओ. जी. एस. क्रॉफर्डही युद्धातूनच आलेला. आधी तिसऱ्या आर्मीच्या नकाशा विभागात, मग १९१७ पासून विमानात निरीक्षक. फेब्रुवारी १९१८ मध्ये त्याचे विमान जर्मनांनी पाडले आणि उरलेले युद्ध त्याने कैदेत काढले. १९२० मध्ये तो ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हेचा पहिला पुरातत्त्व अधिकारी झाला. दोन वर्षांनी हॅम्पशायरवरून उडणाऱ्या वैमानिकांनी सरावासाठी काढलेली छायाचित्रे त्याला पाहायला मिळाली. त्यांत शेतांच्या पोटात लपलेल्या प्राचीन शेतांच्या रेघा होत्या. तिरप्या उन्हात दिसणाऱ्या सावलीच्या खुणा, नांगरटीनंतर रंगाने वेगळ्या उठणाऱ्या मातीच्या खुणा आणि पिकाच्या उंचीत व रंगात उमटणाऱ्या खुणा हे त्याचे वाचन पुढे जगभर रुजले. आज पहिल्या महायुद्धाचे खंदक याच तीन खुणांवरून शोधले जातात. आघाडीवरच्या खंदकांतून शिकलेली विद्या प्राचीन अवशेषांकडे गेली आणि शंभर वर्षांनी पुन्हा त्याच खंदकांकडे परतली.

आता हे खंदक मुळात लपले कसे, ते पाहू. युद्ध संपल्यावर फ्रान्सने उद्ध्वस्त मुलखाची प्रतवारी केली. जिथे शेती पुन्हा उभीच राहू शकणार नाही असे वाटले, तो लाल पट्टा. त्याचे क्षेत्र सुरुवातीला बाराशे चौरस किलोमीटरच्या घरात होते. पण शेतकऱ्याला आपली जमीन परत हवी होती. परतलेली कुटुंबे, युद्धकैदी, चीनमधून आणलेले मजूर यांनी खंदक बुजवले. काही वर्षांत लाल पट्टा आक्रसत गेला आणि गहू, बीट, बटाटा पुन्हा उभा राहिला. बुजवताना हाताशी जे आले ते आत गेले. लाकडी फळ्या, तारेची भेंडोळी, न फुटलेले गोळे, कधी माणसेही. त्यावर माती लोटली आणि नांगर फिरला.

पण बुजवलेली माती मूळच्या मातीसारखी कधीच होत नाही. ती भुसभुशीत राहते, पाणी अधिक धरते. पावसाने ओढ दिली की शेजारचे पीक पिवळे पडते आणि खंदकावरचे हिरवे राहते. गाडलेल्या काँक्रीटवर याच्या उलट. तिथे पीक आधी करपते. सोम नदीच्या मुलखात खाली पांढरा चुना-खडक आहे. खंदक खणताना तो वर आला, बुजवताना वरच्या मातीत मिसळला, आणि आजही नांगरटीनंतर तपकिरी शेतात पांढऱ्या दातेरी रेघा उठतात. वरून पाहणाऱ्याला आघाडी जशीच्या तशी दिसते.

नव्ह-शापेलच्या भागात मात्र हे इतके सोपे नाही. लीस नदीच्या खोऱ्यात फूट-दोन फूट खणले की पाणी लागते. १९१४ च्या हिवाळ्यात भारतीय जवान गुडघाभर, कधी कमरेइतक्या गार पाण्यात उभे होते. म्हणून तिथे खोल खंदक सोडून जमिनीवरच मातीचे आणि वाळूच्या पोत्यांचे छातीइतके बांध रचले गेले. युद्धानंतर ते बांध पसरवून टाकले की झाले. खाली खोल चर नाही, म्हणून पिकातली खूणही पुसट. ज्या भागात आपले लोक सर्वांत जास्त काळ राहिले, तोच भाग आज आभाळातून वाचायला सर्वांत कठीण भागांपैकी एक आहे. तिथे जुन्या काचेवाचून मार्ग नाही.

त्या काचा पसरल्या आहेत लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये, ब्रुसेल्सच्या सैनिकी संग्रहालयात, म्युनिकमध्ये बव्हेरियाच्या युद्धदप्तरात. प्रशियाच्या सैन्याची दप्तरे पॉट्सडॅमला होती. एप्रिल १९४५ च्या हवाई हल्ल्यात त्यांतली बहुतेक जळाली. बव्हेरियाचे सैन्य आपली कागदपत्रे वेगळी ठेवत असे, म्हणून ती वाचली. बेल्जियममध्ये गेंट विद्यापीठातल्या बिर्गर स्टिचेलबाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी हजारो छायाचित्रे गोळा करून आजच्या नकाशावर बसवण्याचे चिवट काम केले. एकाच शेताची १९१५, १९१६, १९१७ ची छायाचित्रे एकावर एक ठेवली की आघाडी कशी वाढली, कुठला खंदक सोडून दिला, कुठे नवा रूळमार्ग आला, हे महिन्यामहिन्याने दिसते. ईप्र शहराच्या उत्तरेला ए-१९ महामार्ग वाढवायचा बेत होता, तेव्हा पुरातत्त्वज्ञांनी याच छायाचित्रांच्या आधारे वाटेतले अवशेष शोधून उत्खनन केले. खंदक, आडोसे आणि सैनिकांचे अवशेष मिळाले. पुढे महामार्गाचा तो बेतच सोडून देण्यात आला.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत यात लायडारची भर पडली. विमानातून जमिनीवर लेझरचे ठोके सोडायचे आणि परत यायला लागलेल्या वेळेवरून उंची काढायची. झाडांच्या पानांतून काही ठोके जमिनीपर्यंत पोचतातच. बाकीचे गाळून टाकले की जंगलाखालची नुसती जमीन उरते. २०१३ ते २०१५ या काळात अख्ख्या फ्लँडर्सची अशी पाहणी झाली, दर चौरस मीटरला सोळा बिंदू या घनतेने. गुरांच्या कुरणांत, जिथे कधी खोल नांगर फिरला नाही, तिथे हातभर उंचीचे फरक अजून शिल्लक आहेत आणि त्यांत खंदकांच्या दातेरी रेघा ओळखू येतात. गोल खळगा दिसला तर तो गोळ्याचा खड्डा की गुरांच्या पाण्याचे जुने तळे, हे ठरवायला पुन्हा १९१७ ची काच लागते. नुसत्या लायडारवर विसंबून काढलेले निष्कर्ष मला धाडसी वाटतात. जुने छायाचित्र आणि नवी उंची यांची साक्ष जुळली, तरच ती खूण पक्की धरावी.

फ्रान्समधल्या वेर्दंला जंगलानेच राखण केली. २१ फेब्रुवारी १९१६ पासून तीनशे दिवस तिथे तोफा चालल्या. नऊ गावे नष्ट झाली. जमिनीत इतके लोखंड आणि विष होते की शेती अशक्य ठरली आणि सरकारने तिथे पाइन लावले. त्या झाडांखाली आजही खड्ड्याला खड्डा लागून आहे. २०१३ मध्ये फ्रान्सच्या वनखात्याने त्या जंगलाची लायडार पाहणी करवली, तेव्हा झाडांखालची सगळी चाळण एकदम समोर आली. जिथे शेत झाले तिथे युद्ध बुजले. जिथे जंगल झाले तिथे ते टिकले.

या सगळ्या वाचनाचा खरा कस लागला तो फ्रोमेलला. हे गाव नव्ह-शापेलपासून काही किलोमीटरांवर, त्याच सपाट मुलखात. १९ जुलै १९१६ च्या संध्याकाळी पाचव्या ऑस्ट्रेलियन डिव्हिजनला तिथे हल्ल्यात घातले गेले. एका रात्रीत ५,५३३ ऑस्ट्रेलियन मेले, जखमी झाले किंवा कैद झाले. जर्मन फळीच्या आत पोचून मेलेल्यांचे पुढे काय झाले, ते कुणाला कळले नाही. व्हीसी कॉर्नर इथल्या भिंतीवर बेपत्तांची तेराशेच्या आसपास नावे कोरली गेली आणि प्रकरण मिटले असे सर्वांनी धरले.

मेलबर्नचे निवृत्त शिक्षक लॅम्बिस एंग्लेझोस यांनी ते मिटले असे मानले नाही. ते आकडे जुळवत बसले. बेपत्तांची संख्या आणि आसपासच्या दफनभूमींतल्या अनामिक थडग्यांची संख्या यांचा मेळ बसत नव्हता. बरीच माणसे कुठेच नव्हती. मग हवाई छायाचित्रे आली. गावाजवळच्या फेझंट वुड नावाच्या झाडीमागे लढाईपूर्वीच्या छायाचित्रात मोकळी जमीन आहे. लढाईनंतर थोड्याच दिवसांत काढलेल्या छायाचित्रात तिथे लांबट खड्ड्यांची रांग दिसते. आठ खड्डे, पाच बुजवलेले, तीन रिकामे. तीन खड्डे लागलेच नव्हते. म्युनिकच्या दप्तरात बव्हेरियन पलटणीच्या कर्नलचा हुकूमही होता: इंग्रज मृतांसाठी मोठ्या कबरी खणाव्यात. काच आणि कागद एकच गोष्ट सांगत होते.

अधिकाऱ्यांचा विश्वास बसायला वर्षे लागली. हे मृतदेह युद्धानंतर उकरून दुसरीकडे हलवले असतील, असे त्यांचे म्हणणे होते. २००७ मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या पथकाने जमीन न उकरता पाहणी केली, तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या एका परगण्याने आपल्या जवानांना निरोप देताना दिलेले पदक मातीत मिळाले. २००८ मध्ये चाचणीचे चर घेतले आणि हाडे दिसली. २००९ च्या उन्हाळ्यात ऑक्सफर्ड आर्किऑलॉजीच्या पथकाने २५० माणसे एकेक करून बाहेर काढली. एकाजवळ फ्रीमँटल ते पर्थ अशा रेल्वे प्रवासाचे परतीचे तिकीट होते. ते त्याने जपून जवळ ठेवले होते. नातेवाइकांच्या डीएनएशी ताडून पहिल्याच टप्प्यात ९६ जणांची नावे पटली, पुढे ही संख्या वाढत गेली. १९ जुलै २०१० रोजी नवी दफनभूमी रीतसर समर्पित झाली. पन्नासहून अधिक वर्षांत कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाने बांधलेली ती पहिलीच नवी दफनभूमी. एका शिक्षकाने हट्ट धरला आणि काचेवरच्या आठ काळ्या पट्ट्यांनी त्याची बाजू खरी ठरवली.

हे वाचन फक्त मृतांसाठी नाही, जिवंतांसाठीही आहे. बर्लिनच्या उत्तरेला ओरानियनबुर्ग नावाचे शहर आहे. १५ मार्च १९४५ रोजी अमेरिकन विमानांनी तिथल्या युरेनियमवर काम करणाऱ्या कारखान्यावर बाँब टाकले. त्यांतल्या अनेकांना रासायनिक पद्धतीने उशिरा फुटणारी कळ होती. तिथल्या मऊ मातीत ते नाक वर करून रुतले, आतला द्राव उलट्या बाजूला राहिला आणि ते फुटलेच नाहीत. ती कळ आता वर्षागणिक ठिसूळ होत आहे. दोस्तांच्या विमानांनी हल्ल्यानंतर काढलेली छायाचित्रे आज तिथले तज्ज्ञ भिंगाखाली घेऊन बसतात. रुंद खड्डा म्हणजे बाँब फुटला; त्याची भीती नाही. भीती आहे ती शेजारच्या, टाचणीने टोचल्यासारख्या छोट्या भोकाची, कारण तिथे तो अजून आत आहे. घर बांधण्याआधी ही छायाचित्रे पाहणे तिथे सक्तीचे आहे. बेल्जियममध्ये तर पहिल्या महायुद्धाचे दारूगोळे शेतकरी अजूनही नांगरटीत उकरून बांधावर ठेवतात आणि सैन्य ते दर वर्षी दीडशे-दोनशे टनांच्या हिशेबाने उचलून नेते.

नव्ह-शापेलला आज भारतीय स्मारक उभे आहे. हर्बर्ट बेकर यांनी आखलेले, ७ ऑक्टोबर १९२७ रोजी खुले झालेले. त्यावर ज्यांचा थांगपत्ता लागला नाही अशा ४,७४२ भारतीयांची नावे आहेत. सप्टेंबर २०१६ मध्ये जवळच्या रिशबूर गावात चर खणताना दोन जवानांचे अवशेष मिळाले. ते ३९ व्या गढवाल रायफल्सचे असल्याचे ओळखता आले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांना लाव्हँतीच्या लष्करी दफनभूमीत मानाने निरोप देण्यात आला. त्या शेतांत आणखी माणसे आहेत, यात मला शंका नाही. मेसोपोटेमियात गेलेल्यांची स्थिती याहून वाईट. बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. शिपायांच्या वाट्याला पलटणीगणिक नुसते आकडे आले. कूतमध्ये झिजलेला मराठा शिपाई त्या दगडावर एक संख्या आहे. ही चूक शंभर वर्षे राहिली, आणि ती नावे आता आयोगाच्या यादीत शोधून वाचणे एवढे तरी आपण केलेच पाहिजे.

साताऱ्याजवळचे अपशिंगे मिलिटरी असो, की कोकणातले एखादे गाव, पहिल्या महायुद्धात किती माणसे गेली आणि किती परतली नाहीत याचे संगमरवरी फलक महाराष्ट्रात अनेक गावांत चावडीपाशी, शाळेपाशी लावलेले आहेत. त्यांवरही बहुधा आकडाच असतो. पण आता त्या आकड्यामागच्या माणसापर्यंत पोचण्याची साधने घरबसल्या मिळतात. युद्धकबर आयोगाची यादी इंटरनेटवर मोफत आहे. नाव, पलटण, मृत्यूची तारीख, स्मारक सगळे तीत शोधता येते. ब्रिटिशांचे खंदक-नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने मोफत ठेवले आहेत आणि ते आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून पाहता येतात. पलटण आणि तारीख कळली की ती पलटण त्या दिवशी कुठल्या शेतात होती, हे बरेचदा काढता येते. घरात पणजोबांचे पदक पडून असेल, तर ते मोडीत घालण्यापूर्वी त्याची कड नीट पुसून भिंगाखाली धरा. तिथे शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते, आणि शोध सुरू करायला तेवढे पुरते.